दारू पिऊन वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाल्यावर काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाकाबंदीत पकडले गेल्यावर, समन्स हातात पडल्यावर किंवा न्यायालयाची तारीख दोन दिवसांवर आल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्यातील २०१९ च्या दुरुस्त्या यांना धरून, महाराष्ट्रातील वाचकांसाठी लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असल्यामुळे कलमांचे नवे क्रमांक दिले आहेत. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या कागदपत्रांवरचा सल्ला ती कागदपत्रे पाहिलेला वकीलच देऊ शकतो.

१. नाकाबंदीत पकडले आणि लायसन्स काढून घेतले. दंडाचे चलान ऑनलाइन भरले की प्रकरण मिटते ना?

नाही. हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे, चुकीच्या जागी गाडी लावणे अशा गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण संपवता येते, कारण अधिनियमाच्या कलम २०० मध्ये तशी सोय आहे. त्या यादीत कलम १८५, म्हणजेच दारू पिऊन वाहन चालवण्याचा गुन्हा, नाही. त्यामुळे रस्त्यावर, पोलीस ठाण्यात किंवा मोबाइलवर पैसे भरून हे प्रकरण कायदेशीररीत्या मिटवता येत नाही. ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाते आणि दंड किती, कैद द्यायची की नाही, हे न्यायालय ठरवते. ‘इथेच मिटवून टाकू’ असे कोणी सुचवले आणि तुम्ही पैसे दिले, तर तो लाच देण्याचा स्वतंत्र गुन्हा ठरतो. हा फौजदारी खटला आहे हे पहिल्याच दिवशी लक्षात आले, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

२. कायद्याने नेमकी किती दारू चालते? दोन पेगपर्यंत काही होत नाही असे सगळे सांगतात.

कायदा पेग मोजत नाही, रक्तातील अल्कोहोल मोजतो. वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले, की कलम १८५ चा गुन्हा होतो. तुम्ही गाडी व्यवस्थित चालवत होता, बोलणे स्पष्ट होते, यापूर्वी कधी अपघात केला नाही, या गोष्टींनी आकडा बदलत नाही. शरीराचे वजन, पोटात अन्न होते की नाही, प्यायला किती वेळ लागला, यांवर रक्तातील प्रमाण अवलंबून असते. त्यामुळे तेच दोन पेग एकाला मर्यादेच्या आत ठेवतील आणि दुसऱ्याला बाहेर नेतील. शरीर साधारणपणे तासाला, १०० मिलीलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निचरते. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर पिऊन पहाटे गाडी काढणारे अनेकजण म्हणूनच सकाळच्या तपासणीत सापडतात.

३. शिक्षा किती होऊ शकते?

पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे दोन आणि तीन हजार रुपये होती, आणि जुने आकडे अजूनही तोंडोतोंडी फिरत असतात. दंड आणि कैद यांखेरीज लायसन्सवर जो परिणाम होतो तो अनेकांना दंडापेक्षा महाग पडतो. त्यासाठी प्रश्न १० पहा.

४. नुकतेच पकडले आहे. पुढच्या काही तासांत काय करावे?

हुज्जत घालू नये, पळून जाण्याचा प्रयत्न करू नये आणि कोणाच्या ओळखीचा फोन लावत बसू नये. यांतून एका गुन्ह्याचे दोन होऊ शकतात, कारण पोलिसांना कामात अडथळा आणणे हा वेगळा गुन्हा आहे. नाव, पत्ता आणि वाहनाची कागदपत्रे खरी द्यावीत. मात्र ‘किती घेतली, कुठे घेतली, कोणाबरोबर घेतली’ या प्रश्नांची सविस्तर उत्तरे देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. सौम्य शब्दांत ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढे म्हणणे पुरेसे असते.

श्वास तपासणाऱ्या यंत्रातून निघालेली पावती नीट पाहावी. तिच्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक आणि आकडा असतो; खाली तुमची सही घेतली जाते. सही करण्यापूर्वी वेळ बरोबर आहे का आणि नाव व गाडीचा क्रमांक तुमचाच आहे का, एवढे तपासावे. गर्दीच्या नाकाबंदीत एकामागून एक पावत्या निघत असतात आणि तपशिलाची गफलत होऊ शकते. प्रत मागावी, न मिळाल्यास आकडा आणि वेळ लगेच लिहून ठेवावी. कोऱ्या कागदावर सही करू नये.

घरी पोहोचल्यावर, झोपण्यापूर्वी, घटनाक्रम लिहून काढावा: कुठे थांबवले, किती वाजता फुंकायला लावले, किती वेळा, मध्ये पाणी दिले का, दवाखान्यात नेले का, रक्त घेतले का, सोबत कोण होते. दोन महिन्यांनी वकील हेच विचारतात आणि तोवर वेळा विसरलेल्या असतात.

५. अटक होते का? जामीन मिळतो का?

गणवेशातील पोलीस अधिकारी कलम २०२ आणि २०३ अन्वये वॉरंटशिवाय अटक करू शकतो. तथापि कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा येथे उपकार नसून हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) किंवा जामीनदार घेऊन सुटका केली जाते. जामीनदार उभा करण्याची ऐपत नसेल, तर वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. अटकेचे कारण कळण्याचा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा हक्क कोणत्याही अटकेत असतोच.

महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करता येत नाही. अपवादही महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावरच होतो. याचा अर्थ गुन्हा नोंदला जात नाही असा नव्हे. चाचणी, लायसन्सची जप्ती आणि खटला हे सर्व तसेच पुढे चालते.

६. फुंकायला नकार दिला तर पुरावाच राहणार नाही, हे खरे का?

हा सल्ला मित्रमंडळींत फार लोकप्रिय आहे आणि तो नुकसानीचा आहे. नकार दिल्यास, आणि तुम्ही मद्य घेतल्याचा वाजवी संशय असल्यास, केवळ त्या आधारावर वॉरंटशिवाय अटक करता येते आणि त्यानंतर रक्ताचा नमुना मागता येतो. शिवाय कलम २०५ नुसार, वाजवी कारण दाखवता आले नाही तर, श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना देण्यास दिलेला नकार हाच सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती म्हणून गृहीत धरता येतो. दम्याचा तीव्र त्रास किंवा छातीची दुखापत यांमुळे फुंकणेच शक्य नसेल, तर ते तेव्हाच सांगावे, वैद्यकीय कागदात नोंदवून घ्यावे आणि रक्त तपासणीस तयारी दाखवावी.

७. यंत्राचा आकडा चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, पण ‘असू शकतो’ एवढ्याने न्यायालयाचे समाधान होत नाही. ब्रेथ अ‍ॅनालायझर श्वासातील अल्कोहोल मोजतो आणि ठरावीक गुणोत्तर धरून त्यावरून रक्तातील प्रमाण काढतो. घोट घेतल्यानंतर लगेच, किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉश, खोकल्याचे काही औषध अथवा उलटी यांनंतर तोंडातच अल्कोहोल उरलेले असते आणि आकडा फुगतो. म्हणूनच पंधरा-वीस मिनिटे थांबून दुसरी चाचणी घेणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य मानले जाते. तोंडातले अल्कोहोल एवढ्या वेळात उडून जाते, रक्तातले जात नाही. पोलीस ठाण्यात श्वासाचा नमुना देण्याची संधी अटक केलेल्या व्यक्तीला मिळालीच पाहिजे, असे कलम २०३ सांगते. आकड्याबद्दल खरी शंका असेल तर ही संधी आवर्जून घ्यावी.

खटल्यात वकील विचारतात ते प्रश्न असे: यंत्र केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचे होते का, त्याची अंशशोधन तपासणी (कॅलिब्रेशन) केव्हा झाली होती, पावतीवरचा यंत्र क्रमांक आणि तपासणीच्या दाखल्यावरचा क्रमांक जुळतो का. उलटपक्षी, आकडा ३४ असेल तर या प्रश्नांना धार असते. १८० असेल तर माउथवॉशची गोष्ट सांगून फारसे काही साधत नाही.

८. रक्त तपासणी केव्हा होते? आणि मला दोन तासांत दवाखान्यात नेलेच नाही, मग केस रद्द होते का?

श्वास चाचणीत अल्कोहोल दिसले किंवा चाचणी नाकारली, तर अटक केलेल्या व्यक्तीकडे कलम २०४ नुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकामार्फत रक्ताचा नमुना मागता येतो. महिलेचा नमुना पुरुष डॉक्टरही घेऊ शकतो. मात्र तेव्हा दुसऱ्या महिलेची उपस्थिती आवश्यक असते. त्वचा पुसण्यासाठी स्पिरिट वापरू नये, नळीत परिरक्षक असावे, नळी तिथेच मोहोरबंद व्हावी, तिच्यावर नाव आणि वेळ असावी आणि ती शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा शासनमान्य प्रयोगशाळेत जावी, ही साखळी महत्त्वाची आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा ही साखळी सर्वसामान्यांच्याही चर्चेत आली. नमुन्यात ढवळाढवळ करण्याचा विचारही करू नये. मूळ गुन्हा जामीनपात्र असतो, पुरावा नष्ट करण्याची आणि बनावट पुरावा उभा करण्याची प्रकरणे मात्र खरोखर तुरुंगात नेणारी असतात.

दोन तासांबद्दल: कलम २०२ च्या परंतुकानुसार कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला कोठडीतून सोडले पाहिजे. शब्द नीट वाचा. परिणाम सुटकेचा आहे, खटला रद्द होण्याचा नाही. मात्र तपासणी झालीच नाही, आणि श्वास चाचणीचा पुरावाही सदोष असेल, तर ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडल्याचे सिद्ध करणे सरकार पक्षाला अवघड जाते, कारण तोंडाला वास येत होता किंवा चाल अडखळत होती एवढ्यावरून आकडा निघत नाही. वेळ अटकेपासून मोजली जाते, थांबवल्यापासून नव्हे. म्हणून अटकेच्या कागदावरची वेळ आणि दवाखान्याच्या नोंदीतील वेळ या दोन्ही पाहाव्यात.

९. गाडी पोलिसांनी ठेवून घेतली. परत कशी मिळेल?

अटक करताना गाडीची तात्पुरती व्यवस्था लावण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पुष्कळदा सोबतची, दारू न घेतलेली आणि लायसन्स असलेली व्यक्ती आल्यास कागदपत्रे पाहून गाडी तिच्या ताब्यात दिली जाते. गाडी रीतसर जप्त झाली असेल, तर मालकाने नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र जोडून न्यायालयात सुपूर्दनाम्यावर (सांगाल तेव्हा गाडी हजर करू, अशा लेखी हमीवर) ताबा मिळण्यासाठी अर्ज करावा. अर्ज मालकाच्याच नावाने करावा लागतो; गाडी कंपनीची किंवा मित्राची असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करून उपयोग होत नाही. अर्ज लांबवू नये, कारण उघड्यावर उभ्या गाडीची दुर्दशा लवकर होते.

१०. लायसन्स किती दिवसांसाठी जाते? तोवर डिजिलॉकरमधली प्रत दाखवून गाडी चालवता येईल का?

येथे दोन वेगळ्या यंत्रणा एकाच वेळी काम करत असतात, आणि गोंधळ त्यातूनच होतो.

पहिली आरटीओची. कलम २०६(४) नुसार पोलीस लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकरणाकडे पाठवतात. प्राधिकरण तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी देते आणि त्यानंतर, लेखी कारणे नोंदवून, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकते. दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्यात लायसन्सच रद्द होऊ शकते. नोटीस येते ती लायसन्सवरच्या पत्त्यावर. तुम्ही घर बदलले असेल आणि पत्ता जुनाच असेल, तर सुनावणी तुमच्याविना होते. आदेशाविरुद्ध तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते.

दुसरी न्यायालयाची. कलम १८५ खाली दोषी ठरवल्यावर न्यायालयाने कलम २०(२) नुसार किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचे असते. हे आरटीओच्या तीन महिन्यांपेक्षा स्वतंत्र आहे.

जप्तीच्या वेळी मिळालेली पोचपावती म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे. लायसन्स परत मिळेपर्यंत ती वाहन चालवण्याचा अधिकार देत नाही, असे कलमातच म्हटले आहे. त्यामुळे डिजिलॉकरची प्रत दाखवूनही बाजू सावरत नाही. अपात्रतेच्या काळात गाडी चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असा नवा गुन्हा होतो.

११. वकील लागतोच का? परवडत नसेल तर?

कायद्याने सक्ती नाही. पण प्रश्न १२ मधील निर्णय घेण्यापूर्वी एकदा तरी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवावेत. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकील मिळतो. अर्ज न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात करता येतो. ‘साहेबांशी बोलून घेतो’ असे सांगून न्यायालयाच्या दारातच पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहावे.

१२. गुन्हा कबूल करून दंड भरून टाकावा का? सगळे तेच करतात.

बरेचजण तेच करतात, आणि काहींच्या बाबतीत ते शहाणपणाचेही असते. पण काय कबूल करत आहोत हे कळून केलेली कबुली आणि रांगेत उभे राहून केलेली कबुली यांत फरक आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे: गर्दीच्या दालनात नाव पुकारले जाते, आरोप एका वाक्यात वाचून दाखवला जातो आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते. मागे चाळीस माणसे उभी असतात, कामावर जायचे असते, आणि ‘हो’ म्हणायला एक सेकंद लागतो. त्या एका शब्दाने तुम्ही दोषी ठरता. दंडाची पावती हातात येते, पण तिच्यासोबत किमान सहा महिन्यांची अपात्रता येते, नोकरीच्या अर्जांत नमूद करावी लागणारी दोषसिद्धी येते, आणि पुढे कधी पुन्हा पकडले गेलात तर तो ‘दुसरा गुन्हा’ ठरण्याचा पाया पडतो. कैदेची शिक्षा होणारच नाही, याची हमी कबुलीने मिळत नाही. आणि कबुलीवरून दोषी ठरल्यावर शिक्षेचे प्रमाण व वैधता यांपलीकडे अपिलात काही मांडता येत नाही. ‘मला समजले नव्हते’ हे नंतर सांगून भागत नाही.

मग ठरवावे कसे? आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, पावती व कागद व्यवस्थित असतील, अपघात नसेल आणि हा पहिलाच गुन्हा असेल, तर कबुली देऊन दयेची विनंती करणे आणि वर्ष-दीड वर्षाच्या फेऱ्या वाचवणे व्यवहार्य ठरू शकते. शिक्षेच्या टप्प्यावर वय, कुटुंबाची जबाबदारी, पूर्वीचे स्वच्छ वर्तन, व्यसनमुक्तीचे उपचार सुरू असल्याचा दाखला या गोष्टी मांडता येतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ (कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) मागता येतो, पण तो देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. उलट आकडा काठावरचा असेल, कागदांत वेळांची विसंगती असेल, किंवा वाहन चालवणे हेच तुमचे पोट असेल, तर पहिल्या तारखेला ‘कबूल’ म्हणू नये. कागदपत्रांच्या प्रती आणि वकील नेमण्यासाठी मुदत मागावी. असा अर्ज गैर मानला जात नाही.

१३. कबूल केले नाही तर पुढे काय होते?

खटला बहुधा संक्षिप्त पद्धतीने चालतो. नाकाबंदीवरील पोलीस, पंच, रक्त घेतले असल्यास डॉक्टर यांच्या साक्षी होतात, उलटतपासणी होते, तुमचा जबाब घेतला जातो आणि निकाल लागतो. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असावे, अशी अपेक्षा असते; बाहेरगावी असणाऱ्यांना वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज करता येतो. दोषी ठरल्यास सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते.

१४. तारीख चुकली. आता घरी पोलीस येतील का?

येऊ शकतात. आधी जामीनपात्र आणि नंतर अजामीनपात्र वॉरंट निघते, आणि बंधपत्र देऊन सुटलेल्या व्यक्तीने विनाकारण गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. वाट पाहू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव किंवा खटला क्रमांक टाकून पुढची तारीख पाहावी, वकिलासह स्वतःहून हजर व्हावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आजारपणाचा किंवा प्रवासाचा पुरावा असल्यास जोडावा. स्वतःहून आलेल्या माणसाकडे न्यायालय सहसा वेगळ्या नजरेने पाहते.

१५. लोकअदालतीत प्रकरण मिटवता येईल का?

नाही. तडजोडयोग्य नसलेल्या गुन्ह्यांवर लोकअदालतीला अधिकारच नाही (प्रश्न १ पहा). लोकअदालतीच्या जाहिरातींत ‘वाहतुकीची प्रलंबित चलाने’ असे लिहिलेले असते, ते इतर गुन्ह्यांबाबत.

१६. मला पाच वर्षांपूर्वीही याच कलमाखाली दंड झाला होता. तो आता मोजला जाईल का?

होय, मोजला जाऊ शकतो. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला असेल तरच वाढीव शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची अट काढून टाकली. आधीची दोषसिद्धी सरकार पक्षाला कागदाने सिद्ध करावी लागते, ती तुम्ही होऊन सांगण्याची गरज नाही. मात्र न्यायालयात खोटेही बोलू नये. अशा प्रकरणात वकिलाशिवाय उभे राहू नये.

१७. अपघातही झाला आहे. तरीही हा जामीनपात्र गुन्हाच राहतो का?

कलम १८५ जामीनपात्रच राहते, पण त्याच्या जोडीला येणारी कलमे चित्र बदलतात. निष्काळजीपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागते, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याही पुढे, आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव असताना गाडी चालवली असे दिसल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावले जाते, आणि ते अजामीनपात्र आहे. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी जाऊन सातजण मृत्युमुखी पडले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली.

अपघातानंतर थांबणे, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. पळून जाणे हा आणखी एक गुन्हा. शिवाय वेळेत मदत न मिळाल्याने जखमी दगावला, तर सगळ्याच गोष्टी हाताबाहेर जातात. या प्रकरणी येथील उत्तरांवर विसंबू नये, त्याच दिवशी वकील गाठावा.

१८. विमा कंपनी भरपाई देईल का?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो, कारण मद्याच्या अमलाखाली वाहन चालवणे पॉलिसीतच वगळलेले असते. ‘रक्त तपासणी झालीच नाही, मग कंपनी कशी सिद्ध करणार?’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला नाही. चाचणी नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनी हे सिद्ध करू शकते, असे त्या निकालात म्हटले आहे. फौजदारी खटल्यातली कसोटी आणि विम्याच्या दाव्यातली कसोटी वेगळी असते. त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईबाबत, अनेक प्रकरणांत कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. म्हणजे रक्कम शेवटी तुमच्याच दारी येते.

१९. गाडी उभी होती, मी फक्त आत बसलो होतो. तरी गुन्हा कसा?

कलमात ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे शब्द आहेत. मागच्या सीटवर झोपलेला माणूस यात बसत नाही. चालकाच्या जागी बसून इंजिन सुरू केलेला माणूस बसू शकतो. दोन्हींच्या मधल्या परिस्थितीत किल्ली कुठे होती, दिवे चालू होते का, गाडी कुठे उभी होती, हे तपशील निर्णायक ठरतात. असे असल्यास आजूबाजूच्या सीसीटीव्हीचे चित्रण लगेच मागवावे, कारण ते फार दिवस ठेवले जात नाही.

२०. मी दारू प्यायलो नव्हतो, चालक मित्र होता. गाडी माझी. माझ्यावर काही येते का?

येऊ शकते. कलम १८८ नुसार कलम १८५ च्या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. मित्र प्यालेला आहे हे दिसत असताना किल्ली त्याच्या हाती देणे यात मोडू शकते. केवळ शेजारी बसला होता म्हणून कोणी आपोआप दोषी ठरत नाही. गाडी कोण चालवत होते ही माहिती पोलिसांनी मागितल्यास मालकाने ती देणे कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे.

२१. मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि गाडी माझ्या नावावर आहे.

मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण कलम १९९अ तुम्हालाच दोषी मानून सुरुवात करते: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो होऊ नये म्हणून आपण सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती, हे या बचावाला फारसे पोषक नाही.

२२. माझ्याकडे दारू पिण्याचा परवाना आहे. / मी दारू नव्हे, डॉक्टरांनी दिलेले औषध घेतले होते.

महाराष्ट्रातील मद्यप्राशन परवाना मद्य बाळगण्या-पिण्यापुरता आहे. वाहन चालवण्याशी त्याचा संबंध नाही. औषधाबाबत थोडे वेगळे आहे. औषधातील अल्कोहोलमुळे रक्तातील प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर कलम स्रोत विचारत नाही. गुंगी आणणाऱ्या अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येणार नाही इतका अंमल होता का, हे सिद्ध करावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे बिल जपून ठेवावे.

२३. सरकारी नोकरी, पासपोर्ट, परदेशी व्हिसा यांवर काय परिणाम होतो?

अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहावे लागल्यास सरकारी कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते; जामीन लगेच घेण्याचे हेही एक कारण आहे. नव्या नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात खटल्याविषयी विचारले असेल तर खरे लिहावे. माहिती दडवल्यास काय होते, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात सविस्तर केली आहे, आणि किरकोळ प्रकरणातही गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच अनेकदा नोकरीच्या आड येते.

न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी त्याच न्यायालयाकडून परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळवता येतो. व्हिसाच्या अर्जात अटक, आरोप आणि दोषसिद्धी असे तीन वेगळे प्रश्न असू शकतात. प्रत्येकाचे उत्तर वेगळे द्यावे आणि निकालाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी.

२४. पकडून सात महिने झाले, अजून समन्स आलेले नाही. प्रकरण विरले असे समजावे का?

समजू नये. पहिल्या गुन्ह्यासाठी कमाल शिक्षा सहा महिन्यांची असल्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे, आणि योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफही करू शकते. सोबत अधिक शिक्षेची कलमे असतील तर मुदत बदलते. खटला दाखल होऊन समन्स जुन्या पत्त्यावर गेले असण्याची शक्यताही असते. म्हणून दर महिन्याला ई-कोर्ट्सवर नाव तपासावे, पोलीस ठाण्यात प्रकरणाचा क्रमांक विचारून ठेवावा आणि लायसन्सवरचा पत्ता आजच अद्ययावत करून घ्यावा.